अळीला ‘सवय’ होते काय?



मराठीच्या अध्यापकाने बोंडअळीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण या विषयात माझा प्रवेश शब्दांच्या वाटेनेच झाला. विदर्भातला शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो, आणि ते लागू पडेनासे झाले की ‘अळीला सवय झाली’ असे सांगतो. ‘औषध’ हा शब्द किती घातक, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात दिसले. फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले.

‘सवय’ हा शब्दही फसवाच. कोणतीही अळी विष पचवायला शिकत नाही. लाखोंत दोन-चार जन्मतःच निराळ्या असतात. बाकीच्या मरतात, या उरतात आणि पुढची पिढी यांचीच होते. सराफा बाजारात बसलो आहोत म्हणून म्हणतो, कसोटीचा दगड सोने घडवीत नाही, निवडतो. डार्विनने १८५९ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच.

२००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतील एका जिवाणूच्या जनुकामुळे झाडातच अळीला मारक प्रथिन तयार होऊ लागले. २००६ मध्ये दोन प्रथिनांचे वाण आले. हिरवी बोंडअळी आटोक्यात आली. ती तूर-हरभऱ्यावरही जगते. तेथे विषाशी गाठ न पडलेली तिची प्रजा टिकते आणि संकराने प्रतिकार विरळ होतो. गुलाबी बोंडअळीला मात्र कपाशीवाचून जवळजवळ दुसरे अन्न नाही. म्हणूनच बीटीभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम होता. बियाण्याच्या पाकिटाबरोबर साध्या बियांची पुडीही मिळे. ती बहुधा पेरलीच गेली नाही. दोष एकट्या शेतकऱ्याला देणे मला अन्यायाचे वाटते. अळीने खायच्या ओळींचा खर्च त्याने सोसायचा, आणि लाभ साऱ्या शिवाराला! त्यात फरदडीची भर: पाणी असले की हंगाम सरल्यावरही कपाशी उभी, म्हणजे अळीचे घर शाबूत. शिवाय संकरित झाडाच्या बोंडातील काही सरक्या विषाविना असतात, आणि ही अळी नेमकी सरकीच खाते.

२०१० मध्ये गुजरातेत पहिल्या प्रथिनाला प्रतिकार जाहीर झाला. पुढे दुसऱ्याचीही तीच गत झाली, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात बोंडेच्या बोंडे किडली. अळी बोंडाच्या आत, फवारा बाहेर!

अमेरिकेतील ॲरिझोनात याच अळीसाठी शेतकऱ्यांनी साध्या कपाशीचे पट्टे नेमाने राखले. २००६ पासून तेथे विमानांतून वांझ पतंग सोडले गेले. २०१८ मध्ये त्या देशाच्या कापूसपट्ट्यातून तिचे निर्मूलन जाहीर झाले.