म्हातारी घोडी आणि आम्ही दोघे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करावे अशी माझी योग्यता नाही आणि सवयही नाही. शाळेत तीस वर्षे शिकवले खरे, पण तिसरीच्या मुलांपुढे बोलणे निराळे आणि तुमच्यापुढे बोलणे निराळे. ती मुले निदान मध्येच उठून चहाचे आधण पाहायला जात नसत! चिटणीसबाईंनी मला विषय दिला, ‘निवृत्तीनंतरचा दिनक्रम’. मी म्हटले, अहो, आमच्या घरचा दिनक्रम मी ठरवीत नाही, तो आमची घोडी ठरविते. तर त्या म्हणाल्या, मग तेच सांगा. म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर पदरात घ्यावे.

आमचे हे २०१८ साली रेल्वेतून निवृत्त झाले आणि मी पुढल्या वर्षी. चौतीस वर्षे गाड्यांच्या वेळा सांभाळलेला माणूस. त्याला एकदम कुठलीच वेळ गाठायची उरली नाही, म्हणजे त्याचे काय होते हे तुमच्यापैकी पुष्कळजणींनी घरोघरी पाहिले असेल. पहाटे चारला उठून बसत. मग माझे डबे लावीत. डाळी उंचीप्रमाणे, मसाले रंगाप्रमाणे! मला हिंग सापडेना आणि त्यांना त्यात काय चुकले ते समजेना. एकदा तर दूध तापायला किती मिनिटे लागली ते त्यांनी वहीत मांडून ठेवलेले आढळले. हसू आले, पण रात्री पडल्या पडल्या भीतीही वाटली. हा माणूस आतून रिकामा होत चालला आहे, असे वाटे.

आता घोडीकडे वळते. तुम्हां नेरळकरणींना माथेरानचे मी काय नवे सांगणार? मॅलेटसाहेबाने १८५० साली तो डोंगर शोधला, १९०७ साली आपली छोटी गाडी वर गेली, आणि मोटारी मात्र आजही दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे पुष्कळ माणसे पायी जात, नाही तर घोड्यावर. २०२२ च्या अखेरीस तिथे विजेच्या रिक्षा सुरू झाल्या, तोवर तर घोड्याचा मान फारच मोठा होता. आपल्या आळीच्या टोकाला राहणारे घोडेवाले चाचा त्यांतलेच. पाच घोडी बाळगून होते. त्यांतली चांदणी सर्वांत वडील. कुमैत रंग, कपाळावर पांढरा चांद, आणि स्वभाव इतका शांत की लहान मुलांना आणि भित्र्या बायकांना तिच्याच पाठीवर बसवीत.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि माथेरान ओस पडले. गिऱ्हाईक नाही, पण घोड्याचे पोट काही टाळेबंदी पाळीत नाही. रोजचा दाणा, रोजची वैरण. चाचांनी दोन घोडी विकली. चांदणीला कोण घेणार? वय तेव्हाच विशीच्या घरात. बाजारात नेली तर कुणाच्या हाती पडेल याचा नेम नाही. एके दिवशी संध्याकाळी चाचा आमच्या फाटकाशी आले आणि म्हणाले, “बाई, हिच्या जिवावर मी दोन मुली उजवल्या. हिला मी बाजारात उभी करणार नाही. तुमच्या परसात जागा आहे. पाऊस होईतो बांधू द्या.”

मी ‘विचार करून सांगते’ म्हणणार, तोच हे म्हणाले, “दाणा किती वाजता घालतात?”

भगिनींनो, दोन वर्षांत या माणसाने कशाची वेळ विचारली नव्हती! मी गप्प बसले. पाऊस झाला, दिवाळी झाली, चांदणी आमच्याकडेच राहिली. चाचांच्या हातावर आम्ही सव्वा रुपया आणि नारळ ठेवला, तेवढाच व्यवहार.

घोडे पाळणे म्हणजे ऐट, असा पुष्कळांचा समज आहे. आमच्याकडे ऐट काही नाही. तिच्या पाठीवर खोगीर चढून आता वर्षे झाली. आम्ही दोघे तिचे मोतद्दार आहोत, इतकेच. सकाळी पाचला ह्यांचा खरारा. आधी गोल खरारा, मग ब्रश, मग ओल्या फडक्याने डोळे आणि नाकपुड्या. मग चारी खूर उचलून आतली माती खरवडायची. पावसाळ्यात हे एक दिवसही चुकवून चालत नाही, चिखलात उभे राहून खुराचा तळ कुजतो. महिना-दीड महिन्याने नालबंद येऊन वाढलेले खूर तासून जातो. नाल आता ठोकीत नाही, तिला दगडातून चालायचे नाही. वर्षातून एकदा डॉक्टर येऊन कानशीने तिचे दात घासतात. घोड्याचे दात जन्मभर झिजत आणि वर येत राहतात, त्यांना धारदार कड येते आणि गालाला जखमा होतात. म्हाताऱ्या घोड्याच्या दाढा तर झिजूनच जातात. चांदणी अर्धवट चघळलेल्या गवताचे गोळे खाली टाकू लागली तेव्हा आम्हांला वाटले, अन्नाला नावे ठेवते आहे! डॉक्टर म्हणाले, हिला चावत नाही. तेव्हापासून गव्हाचा कोंडा आणि बारीक कुट्टी भिजवून द्यायची. माझ्या सासूबाईंना शेवटी पोळी दुधात कुस्करून देत असे, त्याची आठवण होते.

पाणी म्हणाल तर दिवसाला दोन मोठ्या बादल्या सहज, उन्हाळ्यात तीन. आणि लीद! पंधरा-वीस किलो लीद रोज उचलायची. ते काम माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी पदर नाकाला लावला होता, आता त्या टोपलीवरून मला तिची प्रकृती समजते.

ह्यांची वही पुन्हा सुरू झाली आहे, पण दुधासाठी नव्हे. त्यात दाणा, पाणी, ताप, नालबंद, धनुर्वाताची लस असे सगळे वेळेसह मांडलेले असते. जरा खरचटले तरी घोड्याला धनुर्वाताचे भय फार, म्हणून ती लस चुकवायची नाही. माझे डबे आता मी लावते, आणि हिंग जागच्या जागी सापडतो.

बाकीची मंडळीही सांगायला हवीत. मोत्या हा गावठी कुत्रा चांदणीच्या मागोमाग आला, त्याला कुणी बोलावले नव्हते. रात्री तो तिच्या दाराशी निजतो. ठकी मांजर कोंड्याच्या पेटीवर निजते, आणि तिच्यामुळे दाण्याला उंदीर नाही. ती घोडीच्या पायांतून इतक्या निश्चिंतपणे जाते की माझ्याच पोटात गोळा येतो. घोडीही तिला पाहून पाऊल जपून टाकते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एक गाऱ्हाणे मात्र तुमच्याविरुद्ध आहे, ते आज व्यासपीठावरून मांडून घेते. पहिल्या दसऱ्याला चांदणीला झेंडूची माळ घातली, कुंकू लावले, आणि आळीतल्या सात घरांतून तिच्यासाठी नैवेद्य आला. पुरणपोळ्या, भात, एका घरून तर श्रीखंड! तुमची माया मला समजते. आपण गाईला नैवेद्य देतो, मग घोडीला का नको? पण गाईचे पोट चार कप्प्यांचे, ती रवंथ करते. घोड्याचे पोट एकच आणि लहान, आणि त्याला माणसासारखी वांती होत नाही. गेले ते गेले. एकदम पिठूळ, गोड असे पोटात गेले तर शूळ उठतो, नाही तर पाय भरून खुरांत आग होते. त्या दिवशी ह्यांनी फाटकाशी उभे राहून सातही ताटे परत केली आणि सात घरे चार दिवस आमच्याशी बोलली नाहीत. भगिनींनो, द्यायचेच असेल तर एक गाजर आणा, तेही लांब लांब उभे चिरून. आणि मोत्याला मनुका, बेदाणे घालू नका, कांद्याची भजीही घालू नका. कुत्र्याला ती बाधतात.

इतरांना हे असे सांगणारी मी, आणि चूक झाली ती माझ्याच हातून. ते सांगितल्यावाचून खाली बसणे मला बरे वाटणार नाही.

२०२३ चा पावसाळा. आठ दिवस सूर्य दिसला नाही. गवताच्या गंजीला खालून ओल लागली होती. वरच्या पेंढ्या काळ्या पडल्या, त्या मी फेकल्या. आतल्या जरा करड्या दिसत होत्या, वासही थोडा कुबट येत होता. पण गवताचा भाव काय झाला होता! आपल्याला लहानपणापासून शिकवलेले, अन्न टाकू नये. भाकरीला बुरशी आली तर तेवढा तुकडा काढून उरलेली खाणारी आपली पिढी. मी त्या पेंढ्या झटकल्या, कुट्टी केली आणि घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चांदणी पुढच्या पायाने जमीन उकरू लागली. मान वळवून आपल्याच पोटाकडे पाही. बसे, उठे, पुन्हा बसे. संध्याकाळपर्यंत घामाने भिजली आणि टोपली रिकामी. पोटशूळ. डॉक्टर कर्जतहून पावसातून आले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. त्यांनी दोन्ही कुशींना नळी लावून ऐकले, हिरड्या पाहिल्या, दुखणे थांबवायचे इंजेक्शन दिले, आणि नाकातून लांब नळी पोटापर्यंत घालून तेल आणि पाणी सोडले. मग विचारले, “काल काय खाल्ले होते?”

ह्यांनी वही उघडली. वहीत लिहिले होते ‘कुट्टी, नेहमीप्रमाणे’. मी तिथेच उभी होते. भगिनींनो, क्षणभर गप्प राहावे असे माझ्या मनात आले. मग सांगितले. डॉक्टर काही बोलले नाहीत. ह्यांनीही माझ्याकडे पाहिले नाही, आणि ते मला फार लागले.

जाताना डॉक्टर म्हणाले, “मी सहाला पुन्हा येतो. तोवर उतार पडला नाही तर तिला यातनांत ठेवू नये. तुमची संमती आताच सांगून ठेवा.” हे खाली मान घालून उभे. डॉक्टरांनी पुन्हा विचारले. ह्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा मी म्हटले, “संमती आहे.” माझाच आवाज मला परका वाटला. जिने चुकीचे खायला घातले तिनेच हेही म्हणावे!

मग आम्ही दोघे आळीपाळीने तिला पडवीतल्या पडवीत हळूहळू फिरवीत राहिलो. पाऊस कोसळत होता. दीड वाजता चाचा भिजत आले, त्यांना कुणी सांगितले कोण जाणे. ते तिच्या मानेवर कपाळ टेकून काही पुटपुटत होते. मोत्या कोपऱ्यात बसला होता, एकदाही भुंकला नाही. आणि चार वाजून दहा मिनिटांनी चांदणीने शेपूट उचलली. तुम्ही हसाल, पण त्या लिदीच्या पाच-सहा गोळ्यांनी जो आनंद झाला तो मला मुलाच्या नोकरीच्या पत्राने झाला नव्हता. ह्यांनी वही काढून गाडी आल्याची नोंद करावी तसे लिहिले, ‘४-१०. लीद.’ आणि मग भिंतीला टेकून रडले. लग्नाला त्रेचाळीस वर्षे झाली होती. मी त्यांना रडताना प्रथमच पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सगळी गंज एकट्याने ओढून काढली आणि खड्ड्यात टाकली. मला एक शब्दही बोलले नाहीत, आजवर बोललेले नाहीत. आता वैरण मी हुंगून पाहते, आणि जरा शंका आली की टाकते. टाकताना अजून हात अडतो.

मुलगा ठाण्याला असतो. तो म्हणतो, आई, आता दोघांनी इकडे यावे, इथे दवाखाना जवळ, सगळे जवळ. त्याचे म्हणणे खोटे नाही. ह्यांचे गुडघे दुखतात, माझा रक्तदाब आहे. पण त्याचे घर अकराव्या मजल्यावर. मोत्या येईल, ठकी येईल. चांदणी लिफ्टमध्ये मावायची नाही. चाचांच्या हिशेबाने ती आज पंचविशीच्या घरात आहे. घोडे चांगले जपले तर तीस वर्षेही जगते. आमच्या वयाकडे पाहता कोण कुणाच्या आधी जाईल ते सांगता यायचे नाही, म्हणून आम्ही एका कागदावर लिहून ठेवले आहे. तिच्यासाठी पोस्टात निराळे पैसे ठेवले आहेत. आमच्यामागे चाचांचा नातू तिला नेईल, पाठीवर ओझे वा माणूस घालणार नाही, आणि ती दुखण्यात पडली तर डॉक्टरांना नाही म्हणणार नाही. त्या शेवटच्या ओळीवर हे बराच वेळ थांबले होते. मग त्यांनी सही केली. खाली मी केली.

मुलाला हे कळले तेव्हा तो हसला. सूनबाई हसली नाही. पुढच्या खेपेला येताना तिने गाजरे आणली, उभी चिरून.

बराच वेळ घेतला. एक सूचना देऊन खाली बसते. लिदीचा खड्डा भरत आला आहे, आणि सहा महिने कुजलेले खत खाली तयार आहे. गुलाबाला आणि अळूला फार मानवते. ज्यांना हवे असेल त्यांनी रविवारी सकाळी सातनंतर बादली घेऊन यावे. सातच्या आधी येऊ नये, तेव्हा ह्यांचा खरारा चाललेला असतो आणि त्यांना मध्ये कुणी बोललेले खपत नाही.