औषधदान आणि स्वमग्न मूल



आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी औषधदान समाजाने मनापासून जपले. दवाखाने उभे राहिले, नेत्रशिबिरे भरली. परंतु ज्या अवस्थेवर गोळीच नाही, तेथे औषधदान कसे करावयाचे? स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम ही तशी अवस्था आहे.

मूल हाकेला वळून पाहत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, एकच कृती पुन्हापुन्हा करते. ‘त्याचे वडीलही उशिराच बोलले’ असे म्हणत खेड्यात दोन-तीन वर्षे निघून जातात, आणि नेमकी तीच मोलाची असतात. पुढे कोणीतरी पूर्वकर्माचा विषय काढते व आईची मान खाली जाते. कर्मसिद्धांत आत्मपरीक्षणासाठी आहे, शेजारणीच्या मुलाकडे बोट दाखविण्यासाठी नव्हे! आईच्या कोरडेपणामुळे हे घडते असे पाश्चात्त्य विद्वानही एके काळी मानीत. ते मत शास्त्राने केव्हाच त्याज्य ठरविले.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा तपासतात व शंका आल्यास जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवितात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही स्वमग्नतेस स्थान मिळाले. खरी अडचण येथून पुढे आहे. वाचा-उपचार एका भेटीत संपत नाहीत. जत तालुक्यातील सीमेवरच्या गावातून दर आठवड्यास सांगली गाठावयाची, तर रोजगार बुडतो, एसटीचे भाडे लागते, गर्दीत मूल बिथरते. अशा कुटुंबाने येणे सोडले, तर त्यास निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल.

गोवा आणि रावळपिंडी येथे 65 मुलांना घेऊन झालेला एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षित साध्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाच्या कलाने खेळावयास व बोलावयास शिकविले. त्या घरांतील मुले आपणहून अधिक संवाद साधू लागली. स्वमग्नता नाहीशी झाली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे.

अशा शिक्षणासाठी महिला मंडळाच्या दोन-तीन भगिनी पाठविता येतील. धर्मशाळेच्या दोन खोल्या उपचारास येणाऱ्या कोणत्याही जातिधर्माच्या कुटुंबासाठी राखता येतील. प्रवासखर्च औषधदानाच्या खात्यातून निघेल. आणि आज, या सुवर्णमहोत्सवाच्या मंडपातच, घंटानादाने कान झाकून रडणारे मूल दिसले, तर त्याच्या आईस बाहेर जाण्यास सांगू नये. स्वाध्याय कक्ष उघडा ठेवला आहे. तेथे आवाज पोहोचत नाही.