वाळवंटातला गुलाब

हा दगडी गुलाब कुणी कोरलेला नाही. दक्षिण ट्युनिशियात रस्त्याकडेला विकायला असतात, तिथून आणला. वाळूखालचं खारट पाणी उन्हानं आटतं आणि जिप्समच्या पाकळ्या वाळूचे कण पोटात घेत वाढतात. बराइटचाही गुलाब असतो. तो हाताला जड लागतो, नखाला दाद देत नाही. जिप्समवर मात्र नखानंही ओरखडा उठतो. पाण्यानं तर मुळीच धुवायचा नाही, लिटरभर पाण्यात 2 ग्रॅमच्या आसपास जिप्सम विरघळतं! मी कोरड्या ब्रशनंच धूळ झाडते. घरी पाहुण्यांच्या हाती देत नाही. पण बाई, तुमच्या हातातला खडूही बहुधा जिप्समचाच होता. घ्या, फक्त तळाशी धरा.