हायड्रोजनची गाडी : आधी कोणाच्या दारी?



चाकणच्या कारखान्यांतील पहिली पाळी सुरू होण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारातच निगडी, आकुर्डी, भोसरी येथून कामगारांच्या बसगाड्या निघतात. पुणे-नाशिक रस्त्यावरील त्या रांगेत धूर सर्वांच्याच वाट्याला येतो. शिवाय देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून विकत घ्यावे लागते. अशा स्थितीत, पाण्यापासून मिळणाऱ्या आणि वापरानंतर पुन्हा पाणीच होणाऱ्या हायड्रोजनचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

हायड्रोजनच्या गाडीतील इंधनघटात, म्हणजे फ्युएल सेलमध्ये, हायड्रोजन व हवेतील प्राणवायू यांचा संयोग होऊन वीज निर्माण होते. त्या विजेवर मोटार चालते आणि बाहेर पडते ती केवळ वाफ. ही विद्या आज केवळ परदेशांच्या हाती राहिलेली नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कराईकुडीची केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था आणि केपीआयटी यांनी स्वदेशी इंधनघट सिद्ध केला व ऑक्टोबर २०२० मध्ये त्यावर मोटार चालवून दाखविली. पाठोपाठ ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच बसही सादर झाली. टाटा मोटर्सने सप्टेंबर २०२३ मध्ये इंडियन ऑईलला अशा बसगाड्या दिल्या आणि मार्च २०२५ मध्ये हायड्रोजनवरील मालमोटारींच्या चाचण्या आरंभल्या.

तथापि अभिमानाला विवेकाची जोड हवी. पुण्याच्या त्या मोटारीत पावणेदोन किलो हायड्रोजन ३५० पट वातावरणीय दाबाखाली भरला जाई व त्यावर ती सुमारे २५० किलोमीटर धावेल, असा अंदाज होता. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन मिळविण्यास ५० ते ५५ युनिट वीज लागते. म्हणजे त्या एका प्रवासामागे शंभराच्या आसपास युनिट खर्च झाले. बॅटरीवरील छोटी मोटार तेवढेच अंतर साधारण ३५ ते ४० युनिटांत कापते. त्यातही आज देशात वापरला जाणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्याच्या प्रत्येक किलोमागे नऊ-दहा किलो कर्बवायू हवेत जातो. हे चित्र पालटण्यासाठीच केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली.

मग हायड्रोजनने प्रथम कोठे यावे? घरच्या मोटारीसाठी गावोगावी पंप उभारावे लागतील. कॅलिफोर्नियात शेल कंपनीने मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप २०२४ मध्ये बंद केले, हा धडा ताजा आहे. याउलट ठरलेल्या मार्गाने धावणारी बस वा मालमोटार आपल्या आगारात परतते आणि काही मिनिटांत इंधन भरून पुन्हा निघू शकते. तिच्यासाठी आगारातील एक पंप पुरेसा ठरतो. म्हणून सामान्य प्रवाशाच्या जीवनात हायड्रोजन येईल, तो बहुधा बसच्या दारातूनच.

या उद्योगनगरीपुढील खरा प्रश्न मात्र याहून खोल आहे. भोसरी-चाकणच्या शेकडो लघुउद्योगांची चूल इंजिनाच्या सुट्या भागांवर पेटते. इंधनघटाच्या गाडीत पिस्टनही नाही आणि क्रँकशाफ्टही नाही. तिला लागतात त्या धातूच्या पातळ पट्ट्या, उच्च दाबाच्या नळ्या, झडपा, हवेचे कॉम्प्रेसर. तेच लेथ, तेच कुशल हात हे काम करू शकतील; पण त्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील अभ्यासक्रम, बँकांचे कर्ज आणि मोठ्या कारखान्यांची मागणी यांची सांगड आजच घातली पाहिजे. चाचणीसाठी एआरएआयसारखी संस्था तर अंगणातच आहे.

तेल आयात करणारा देश उद्या इंधनघटातील पडदे आणि उत्प्रेरक आयात करू लागला, तर केवळ सावकार बदलेल. ऋण तेच राहील. पहाटेच्या त्या बसमागे धूर दिसेनासा होईल, तो दिवस निश्चितच आनंदाचा. परंतु त्या बसचे हृदय तिच्यातून प्रवास करणाऱ्या कामगाराच्याच हातून घडलेले असेल, तो दिवस खऱ्या स्वावलंबनाचा!