फुलहॅममधला प्रश्न

१८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या बायकांची मायेने सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. यांच्यासाठी एवढं का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना विहिरीवर भेटलेल्या आणि येशूने प्रेमाने स्वीकारलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकायला मिळाली. पुढचं आयुष्य रमाबाई त्या प्रेमाच्या बळावर जगल्या, असं मला मनापासून वाटतं.

कोवळ्या वयात दुष्काळाने त्यांचे आईवडील नेले होते. भूक त्यांना ठाऊक होती. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, विधवा यांना घेऊन आल्या. केडगावला त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ हा आश्रम उभा राहिला. तिथे अंध मुलींची बोटं ब्रेलच्या टिंबांवरून फिरू लागली, कुणी विणू लागली, कुणी छापखान्यात खिळे जुळवू लागली. त्याच छापखान्यासाठी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. १९२१ला एकुलती लेक मनोरमा गेली. केवढा घाव! तरी भाषांतराचं काम थांबलं नाही. ते पुरं झालं आणि एप्रिल १९२२मध्ये रमाबाईंनी डोळे मिटले.