एक्सएसएलटीमधून फायली हाताळताना: कॉपी चालेल, डिलीट नको

हरसूलहून बोलतेय. आजचा विषय तांत्रिक आहे, पण कोड वाचून दाखवणार नाही, त्यामुळे चालता चालता ऐकलंत तरी चालेल. प्रश्न असा: एक्सएसएलटी चालू असताना तिच्यातूनच फायली शोधायच्या, कॉपी करायच्या, तर कशा? आणि थांबायचं कुठे?

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. हरसूल म्हणजे त्र्यंबकेश्वर तालुका, गुजरातच्या बाजूचा आदिवासी पट्टा. इथे वनहक्काचा दावा म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २००६ च्या कायद्याने, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला दावा करता येतो, जास्तीत जास्त ४ हेक्टर. मार्च २०१८ मध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईला पायी गेले, तेव्हा या कायद्याची अंमलबजावणी ही एक मुख्य मागणी होती. दाव्याचं काम पुराव्यावर चालतं.

समजा, पाच पाड्यांवरच्या पोरापोरींनी मोबाइलवर ओडीके कलेक्ट ॲपमध्ये दाव्यांचे फॉर्म भरले. बांधावरून चालून हद्द नोंदवली, जुन्या विहिरीचे, तालीचे फोटो काढले. हे ॲप प्रत्येक भरलेल्या फॉर्मचं वेगळं फोल्डर करतं. आत एक एक्सएमएल फाइल आणि शेजारी फोटो. एक्सएमएलमध्ये फोटो नसतो बरं का, फक्त त्याचं नाव असतं. आपल्याला हवंय काय? पाड्याप्रमाणे फोल्डर, त्यात प्रत्येक दाव्याचं वाचता येईल असं पान आणि त्याच दाव्याचे फोटो.

पान बनवणं हे एक्सएसएलटीचं हातखंडा काम. १९९९ च्या पहिल्या आवृत्तीत एका वेळी एकच निकाल बाहेर पडायचा. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'रिझल्ट-डॉक्युमेंट' आलं आणि एका झटक्यात शंभर पानं वेगवेगळ्या फायलींत लिहिता येऊ लागली. म्हणजे मजकुरासाठी बाहेरच्या मदतीची गरजच नाही. अडतं ते फोटोपाशी. तो मजकूर नाही, त्याला जसाच्या तसा उचलून दुसरीकडे ठेवायला या भाषेत सोय नाही.

इथे एक्स्टेन्शन फंक्शन लागतं, म्हणजे भाषेबाहेरून जोडलेलं फंक्शन. एक्सपाथ या गटाने फायलींसाठी अशा फंक्शनांचा एक संच ठरवला आहे, त्याची पहिली आवृत्ती २०१५ ची. यादी काढणारं 'लिस्ट', फाइल आहे का विचारणारं 'एक्झिस्ट्स', फोल्डर बनवणारं 'क्रिएट-डर', शिवाय 'कॉपी', 'मूव्ह' आणि 'डिलीट'. सॅक्सन या प्रोसेसरच्या विकतच्या आवृत्त्यांत हा संच मिळतो. फुकटच्या आवृत्तीत जावामध्ये स्वतःचं छोटं फंक्शन लिहून जोडता येतं.

आता कान देऊन ऐका. एक्सएसएलटीत तुम्ही वरून खाली लिहिता, पण प्रोसेसर त्याच क्रमाने चालेल याची हमी नसते. तुम्ही हिशेब सांगता, तो कसा करायचा ते प्रोसेसर ठरवतो. एखादं व्हेरिएबल पुढे कुठे वापरलंच नाही, तर त्यातलं काम तो चक्क सोडून देऊ शकतो. नुसत्या गणितात याने काही बिघडत नाही. पण तुम्ही लिहिलंत 'आधी कॉपी, मग मूळ फोटो डिलीट', आणि कॉपी न वापरलेल्या व्हेरिएबलमध्ये अडकली, तर? कॉपी झालीच नाही, डिलीट मात्र झालं. विहीर पुढच्या पावसाळ्यात ढासळली, तर तो फोटो पुन्हा काढता येणार नाही.

म्हणून माझे तीन नियम.

एक: ट्रान्सफॉर्मेशनमध्ये फक्त वाचा आणि कॉपी करा. मूव्ह आणि डिलीट बाहेर ठेवा. सगळं झाल्यावर मूळ आणि नव्या फोल्डरमधले फोटो मोजा, चारदोन उघडून बघा, मगच हाताने किंवा वेगळ्या स्क्रिप्टने साफसफाई.

दोन: फाइलचं नाव माणसाच्या नावावरून ठेवू नका. एकाच पाड्यावर एकाच नावाचे दोघे सहज निघतात, आणि 'कॉपी' आधीची फाइल न विचारता पुसून त्यावर लिहितं. 'एक्झिस्ट्स' विचारून सुटका नाही, कारण तेही कधी चालेल ते तुमच्या हातात नाही. ओडीके प्रत्येक फॉर्मला 'इन्स्टन्स-आयडी' देतं, दुसऱ्या कुणाचा तसा नसतो. त्यातला कोलनच्या पुढचा भाग घ्या, कारण विंडोज फाइलच्या नावात कोलन चालू देत नाही. त्याच्यापुढे फोटोचं मूळ नाव जोडा, म्हणजे एका दाव्याचे चार फोटोही वेगळे राहतील.

तीन: कुणी पाठवलेली स्टाइलशीट न वाचता चालवू नका. फायलींची फंक्शनं चालू असतील, तर ती तुमच्या डिस्कवर हात फिरवू शकते. सॅक्सनमध्ये बाहेरची फंक्शनं बंद ठेवायची सेटिंग आहे. अनोळखी स्टाइलशीट असेल तर ती बंदच ठेवा.

घरी करून बघायचंय? मोबाइलमधल्या दहा फोटोंची वेगळी कॉपी काढा, त्यांच्या नावांची एक छोटी एक्सएमएल फाइल लिहा आणि त्यावर सराव करा. खऱ्या दाव्याच्या फोल्डरला हात लावायचा तो सराव झाल्यावरच.

काही अडलं तर विचारा, पुढच्या भागात त्यावर बोलू. चला, भेटू!