तापीकांठ आणि विहिरींचें पाणी

द्वीपकल्पांतील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. तापी मात्र नर्मदेप्रमाणें पश्चिमेची वाट धरते. मध्य प्रदेशांतील बैतूल जिल्ह्यांत मुलताई येथें ती उगम पावते. सुमारें ७२४ किलोमीटर प्रवास करून सुरतेच्या पुढें ती अरबी समुद्रास मिळते. पुराणांनीं तिला सूर्यकन्या म्हटलें आहे.

उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, यांच्या मधल्या खोऱ्यांत सावदें, फैजपूर, रावेर हा केळीच्या बागांचा मुलूख वसला आहे. नद्यांनीं युगानुयुगें आणून टाकलेल्या गाळाचा थर येथें कित्येक ठिकाणीं शेंकडों फूट जाड आहे. परंतु ज्या नदीनें ही माती दिली, तिचें पाणी मात्र या मातीस सहजासहजीं लाभलें नाहीं. तापीचें पात्र खोल, कांठच्या दरडी उंच. त्यामुळें पाटानें पाणी शेतांत नेणें पूर्वींच्या शेतकऱ्यास अशक्यप्राय होतें. त्यानें विहीर खणली, मोट धरली आणि बागाईत पिकविली.

हें मर्म बऱ्हाणपुरानेंहि ओळखलें होतें. फारुकी सुलतानांची ही राजधानी तापीच्या अगदीं कांठावर. १६०१ मध्यें असीरगड पडल्यावर ती मोंगलांकडे आली. पुढें १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान याच्या कारकीर्दींत, शहरासाठीं जी जलयोजना झाली, तिनें नदीचें पाणी उचललें नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं मुरलेलें पाणी भुयारांतून, उतारानें शहरांत आणिलें. तीं भुयारें आजहि पाहावयास मिळतात.

या पायथ्याशीं दगडगोट्यांचा व वाळूचा जो पट्टा आहे, तीच खालच्या विहिरींची खरी तिजोरी होय. सुकी, मोर यांसारख्या नद्यांचें पावसाळी पाणी तेथें जिरतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हतनूरला धरण झालें, कालवा निघाला. तरी केळीची मोठी भिस्त भूजलावरच राहिली. मोट गेली, विजेचा पंप आला, विहिरीच्या जागीं कूपनलिका आली, आणि पाणी जिरतें त्याहून अधिक उपसलें जाऊं लागलें. पाणी वर्षानुवर्षें खोल गेलें.

तिजोरींतून काढणाऱ्यानें भरणाहि केला पाहिजे, हा साधा हिशेब आहे. सातपुड्याचें रान राखणें, नाल्यांवर बांध घालणें, पुराचें पाणी पायथ्याशीं जिरविणें, हाच तो भरणा. तो झाला तरच तापीनें दिलेल्या मातीवर पुढच्या पिढीची केळ उभी राहील.